पुलावरचं टिंब

"तू मारलंस तिला! तुझ्या त्या गणिताने मारलंस!"

अण्णांचा हात ताईच्या गालावर असा बसला, की ती टेबलावर आदळली आणि तिच्या संशोधनाचा मॉनिटर जमिनीवर पडून फुटला. ओठातून रक्त आलं. तिने ते पदराने टिपलं आणि मान खाली घातली. बोलायचं नाही, हे तिने केव्हाच ठरवून टाकलं होतं.

याच लेकीचं कौतुक सांगताना अण्णांचं तोंड दुखत नसे! ते अग्निशमन दलात बंबाचे चालक; ताई विद्यापीठात पीएच.डी. करत होती. शहरात बंबांची केंद्रं कुठे ठेवली, म्हणजे मोजक्याच केंद्रांतून सगळीकडे वेळेत पोहोचता येईल, हा तिचा विषय. "माझा नवरा एक बंब चालवतो, लेक गावभरचे चालवते," असं आई शेजारणींना सांगत सुटायची. ताईच्या अभ्यासानुसार रुळांपलीकडचं जुनं केंद्र बंद झालं, तेव्हा बाकीचे चालक कुरकुरले. पण अण्णांनीच त्यांना दटावून गप्प केलं होतं.

आणि मग पुलाखालच्या गल्लीतला शिवणकारखाना पेटला... ज्यात आई काम करत होती! लांबच्या केंद्रातून बंब घेऊन निघाले ते अण्णाच. पुलावरून त्यांना खाली ज्वाळा दिसल्या, खिडकीच्या गजांना धरलेले हात दिसले, किंकाळ्याही ऐकू आल्या. पण पुलावरून गल्लीत उतरायला वाटच नव्हती. वळसा घालून ते पोहोचले तेव्हा छप्पर बसलं होतं. आईला त्यांनी तिच्या बांगड्यांवरून ओळखलं.

विद्यापीठाने चौकशी केली आणि तिचा निष्कर्ष आज अण्णांच्या कानावर आला होता. नकाशावर पुलाची रेघ आणि खालच्या गल्लीची रेघ एकमेकींना छेदतात. त्या छेदावर कुणीतरी जोडाचं टिंब दिलं होतं, आणि संगणकाने तो चौक समजून गणितात बंबाला पुलावरून थेट गल्लीत वळवलं होतं; म्हणूनच लांबचं केंद्र पुरेसं आणि जुनं केंद्र अनावश्यक ठरलं होतं. 'ते टिंब माझं,' असं ताईने चौकशीत सांगून टाकलं होतं.

ते तिचं नव्हतं. ते तिच्या धाकट्या भावाचं होतं. तो यंदाच तिच्या विभागात एम.एस्सी.ला आला होता, आणि रस्त्यांच्या रेघा नीट करायचं काम तिनेच त्याला दिलं होतं. मित्रांबरोबर सिनेमाला जायच्या घाईत त्याने छेदणाऱ्या सगळ्या रेघा एका झटक्यात जोडून टाकल्या. आई गेल्यावर ते ध्यानात आलं, तेव्हा तो त्याच पुलाच्या कठड्यावर जाऊन उभा राहिला. ताईने त्याला कॉलर धरून खाली ओढलं, फरफटत घरी आणलं. आई तर गेली होती... आता भाऊही जाऊ द्यायचा? पदवी गेली तर गेली, असं म्हणून तिने काळजावर दगड ठेवला.

"बोल ना! दातखीळ बसली का?" अण्णा अजून गणवेशातच होते. त्यांनी कमरेची कुऱ्हाड उपसली आणि भिंतीवरच्या नकाशावर घाव घातला. कागद फाटला, गिलावा उडाला. पुढचा घाव टेबलावर पडला. "चालती हो! पुन्हा तोंड दाखवू नकोस मला!"

"अण्णा, थांबा!" धाकटा दारातून किंचाळला. "ते टिंब माझं आहे! ताई खोटं बोलतेय... माझ्यासाठी! आईला मी मारलं!"

अण्णांचं डोकं फिरलं. कुऱ्हाड उलटी धरून त्यांनी तिचा दांडा पोराच्या डोक्यावर हाणला. पण मध्ये ताईचा हात आला. कडाड् असा आवाज झाला! मनगट वाकडं होऊन लोंबलं, आणि ताई भावाला पाठीशी घेऊन तशीच उभी राहिली.

"मारा, अण्णा. पण मलाच मारा. तपासायचं माझं काम होतं, मी तपासलं नाही. याला पुलावरून एकदा ओढून आणलंय मी... पुन्हा नाही जमायचं!"

कुऱ्हाड खाली पडली. अण्णा भिंतीला टेकत मटकन बसले आणि हंबरडा फोडून रडले.

"रोज त्या पुलावरून जातो गं मी! वाट नाही, हे मला ठाऊक होतं! केंद्र बंद झालं तर बंब वेळेत पोहोचायचा नाही, असं सोबती घसा कोरडा करून सांगत होते, आणि मी काय म्हटलं? माझी लेक चुकायची नाही! कुणाला मारत होतो मी... कुणाला?"

मग त्याच हातांनी त्यांनी मोडलेला हात उचलला, टेबलाची फळी लावली आणि कमरेच्या पट्ट्याने बांधला. ताई वेदनेने कळवळली, पण तिने हात सोडवून घेतला नाही.

"उद्या मी सांगेन विद्यापीठात," धाकटा म्हणाला.

"तिघं जाऊ," अण्णा म्हणाले. "आधी दवाखाना."

"आधी ते टिंब," ताई कण्हत म्हणाली.

धाकट्याने आपला लॅपटॉप उघडला. टिंब कुठे आहे ते त्याने दाखवलं, आणि अण्णांनी आपल्या बोटाने ते पुसलं. गणित पुन्हा चाललं. रुळांपलीकडच्या जुन्या केंद्राची खूण पडद्यावर परत उमटली, आणि तिथून एक रेघ सरळ शिवणकारखान्यापर्यंत गेली.

अण्णा त्या रेघेकडे बघत राहिले.

"पोहोचलो असतो," ते म्हणाले, आणि दोन्ही लेकरांना त्यांनी छातीशी ओढून घेतलं.