हौसाक्कांचे नवे दात

एक्क्याऐंशीव्या वर्षी हौसाक्का चौगुल्यांना बत्तीसच्या बत्तीस दात आले आणि त्या येईल-जाईल त्याला ऊस सोलून दाखवू लागल्या. हिरड्यांतल्या झोपलेल्या पेशींना जागं करणारी दंतांकुर लस आता तालुक्याच्या दवाखान्यातही मिळत होती. बसलेले गाल वर आले, आत ओढलेली हनुवटी खाली उतरली आणि म्हातारी पार बदलून गेली. घोटाळा झाला तो मतदानाच्या दिवशी.

शाळेतल्या केंद्रावर यंदा प्रथमच ‘मुखपडताळा’ बसवला होता. ओळखपत्रावरचा फोटो आणि समोरचा चेहरा यांची कपाळापासून हनुवटीपर्यंतची मापं जुळली, तरच त्याचा दिवा हिरवा होई. हौसाक्कांसमोर तो लाल झाला. त्या हसल्या, तरी लालच.

“आजी, फोटोतली बाई तुम्ही नाही, असं यंत्र म्हणतंय,” केंद्राध्यक्ष वृंदा कामत म्हणाल्या.

“मग मी कोण हाय?”

रांगेत हशा पिकला, पण हौसाक्कांचा जीव खालीवर होत होता. त्यांची सून सरपंचपदाला उभी होती. गेल्या खेपेला समसमान मतं पडून ती चिठ्ठीत हरली होती, बाळगोंडा मगदुमांच्या बायकोकडून. त्यात एका मयत माणसाचं मतही कुणीतरी टाकून गेलं होतं. तेव्हापासून मुखपडताळा हवाच म्हणून सगळ्यांत मोठा आवाज होता तो बाळगोंडांचा. मेलेल्यांची मतं थांबतील खरी, पण जित्यांची अडली तर काय, असा वाद गावोगाव रंगला. शेवटी कायद्यात एक सोय ठेवली गेली. यंत्रानं नाकारलं, तर विरुद्ध उमेदवाराच्या घरच्या माणसाची साक्ष चालेल. आपल्या माणसाला काय, कुणीही ओळखतो.

आणि बाकावर बायकोचे प्रतिनिधी म्हणून बसले होते खुद्द बाळगोंडा. विज्ञानाचा प्रसाद त्यांनाही मिळाला होता; वर्षानुवर्षांच्या टकलावर उगवलेल्या काळ्याभोर केसांतून ते सारखा कंगवा फिरवत होते. हौसाक्कांशी त्यांचं शेताच्या बांधावरून जुनं वैर.

“ओळखता का यांना?” केंद्राध्यक्षांनी विचारलं.

नाही म्हटलं, की एक मत कमी. बाळगोंडांनी कंगवा खिशात ठेवला.

“अक्का, त्यो बांध माझ्याच हद्दीत हाय, बरं का.”

“तुझ्या हद्दीत? मुडद्या, माझ्या सासऱ्यानं लावलेली बाभळ हाय तिथं! तुझ्या बापानं हद्दीचा दगूड सरकवला, आन् तू वर तोंड करून...”

“हीच ती!” बाळगोंडा उठले. “दात नवं असतील, मॅडम, जीभ जुनीच हाय. घ्या माझी साक्ष लिवून.”

रांगेनं टाळ्या वाजवल्या. हौसाक्कांना एकदम भरून आलं. ज्याला जन्मभर शिव्या घातल्या, त्यानंच आज त्यांचं नाव त्यांना परत दिलं होतं. मत टाकून, शाईचं बोट मिरवत त्या बाहेर निघाल्या.

“मीबी उरकून घेतो,” म्हणत बाळगोंडा यंत्रासमोर उभे राहिले. फोटोत त्यांचं कपाळ थेट टाळूपर्यंत गेलं होतं.

दिवा लाल झाला. त्यांनी दोन्ही हातांनी केस मागं दाबून धरले. लालच.

“अवो, सकाळधरनं हितंच बसलोय की मी!”

“यंत्र तुम्हीच मागितलं होतं,” केंद्राध्यक्ष हसू दाबत म्हणाल्या आणि त्यांनी दाराकडं पाहिलं. “आजी, थांबा जरा. ओळखता का यांना?”

हौसाक्का वळल्या. सावकाश पदर सावरून, साऱ्या दातांनिशी हसल्या.

“बाळगोंडा, आधी सांग बघू, बांध कुणाच्या हद्दीत हाय?”