अर्ध्या गोष्टीचा हुंकार

गोष्ट सांगणाऱ्याला हुंकार लागतो, हे मी माझ्या एका ग्रंथात बेचाळीस पाने खर्चून सिद्ध केले आहे. माझ्या पत्नीच्या मते त्याला दोन वाक्ये पुरली असती. ऐकणारा मधूनमधून जो ‘हूं’ देतो, तो केवळ जागे असल्याची खूण म्हणून नव्हे. त्या ‘हूं’च्या आधारानेच सांगणाऱ्याला पुढचे वाक्य सुचते. त्याच ग्रंथाच्या तळटिपांत मी आणखी एक समजूत नोंदवली होती. हुंकार देणाऱ्याला गोष्टीचा शेवट सांगितल्याखेरीज उठू नये; गोष्ट अर्धी राहिली तर ऐकणारा सांगणाऱ्याच्या मागे जातो. या समजुतीपुढे मी ‘मनोरंजक, परंतु निराधार’ असा शेरा मारला होता. तेव्हा मी पन्नाशीत होतो. आता अठ्ठ्याहत्तरावे चालू आहे आणि तो शेरा मला मागे घ्यायचा आहे. का, ते सांगतो. तुम्ही स्वस्थ ऐका. मध्ये हूं म्हणायची मात्र गरज नाही.

निमित्त अगदी साधे होते. माझ्या मित्राची पुस्तके बांधायची होती. हा मित्र चाळीस वर्षे छापखान्यात खिळे जुळवत होता, म्हणून आम्ही सगळे त्याला जुळारीच म्हणतो. माझे पहिले सात ग्रंथ त्यानेच जुळवले. खिळ्यांवरची उलटी अक्षरे तो सुलट्याच्या वेगाने वाचत असे, आणि माणसेही त्याला तशीच उलटीकडून कळतात. त्याला मुद्रिते तपासायला वहिनी मदत करीत. दुपारी चारला जुळारी छापलेला मजकूर मोठ्याने वाची. वहिनी समोर हस्तलिखित धरून बसत. प्रत्येक पूर्णविरामाला त्यांचा ‘हूं’ येई. कुठे शब्द चुकला की तोच हूं लांबे आणि शेवटी वर चढे: ‘हूंऽऽ?’ की जुळारी निमूट मागे जाऊन चूक शोधी. पुढेपुढे हा हुंकार मुद्रितांपुरता राहिला नाही. “आलो असतो गं लवकर, पण काम निघालं,” असे तो दारातून म्हणाला, की आतून ‘हूंऽऽ?’ येई आणि बिचारा पुरावे द्यायच्या भानगडीत न पडता कबुली देऊन टाकी.

वहिनींना जाऊन अकरा महिने झाले होते. जुळारी दुसऱ्या मजल्यावर एकटा राहत होता, न्हाणीघरात दोनदा घसरला होता. शेवटी त्याच्या मुलीचा मला फोन आला.

“काका, आता तुम्हीच समजवा बाबांना. रविवारी टेंपो ठरवलाय. खोली रंगवून घेतलीय, न्हाणीघरात धरायला दांडा बसवलाय. आणि हे म्हणतात, आईला विचारून सांगतो! पुढच्या वेळी पडले आणि दार आतून बंद असलं तर?”

“पुस्तकं बांधायला म्हणून जातो,” मी म्हणालो. “सांगून बघतो.”

मी पोहोचलो तेव्हा चाराला पाच मिनिटे कमी होती. स्वयंपाकघराच्या दाराला धुवट निळा पडदा होता आणि त्याच्या खालच्या कडेला उन्हाची पट्टी. जुळारी पडद्यासमोर खुर्ची टाकून बसला होता. त्याने ओठांवर बोट ठेवून मला कोपरा दाखवला. घड्याळात चार वाजले.

“सकाळी सहाला उठलो,” तो पडद्याला म्हणाला.

‘हूं.’

आवाज हलका होता, जवळचा होता.

“गोळ्या घेतल्या. तिन्ही घेतल्या.”

‘हूंऽऽ?’

जुळारी ओशाळला. “दोन घेतल्या गं. तिसरी कडू लागते.”

‘हूं.’

मी उठून पडदा सारला. ओट्यावर पालथे घातलेले पातेले, खिडकीत वाळणारे फडके, आणि फळीवर वहिनींचा चष्मा. माणूस नव्हते. माझी संशोधकाची सवय जागी झाली. मी नळ उघडून पाहिला, फ्रिजला कान लावला, खिडकीबाहेर पारवा आहे का ते वाकून पाहिले. बाहेर येऊन मी ठामपणे म्हणालो, “नळात हवा अडकली आहे.”

‘हूंऽऽ?’

जुळारी मांडीवर थाप मारून हसला. “सापडलास! तुझ्या प्रत्येक पुस्तकात असंच व्हायचं. मी तुझी भीड धरायचो, ती नाही धरायची.”

यानंतर मी जे केले, ते माझ्यासारख्या शिकलेल्या माणसालाच सुचू शकते. मला प्रयोग करावासा वाटला. हा हुंकार जुळारीच्या सवयीचा भास असेल, तर त्याला ठाऊक नसलेल्या गोष्टीला तो मिळणार नाही. मी खुर्ची ओढून एक गोष्ट जागच्या जागी रचायला घेतली.

“एक म्हातारा होता. त्याची सावली त्याच्याआधी घरी पोहोचायची.”

‘हूं.’

“तो फाटकाशी असायचा, तेव्हा सावलीने आतून दिवा लावलेला असायचा.”

‘हूं.’

प्रत्येक पूर्णविरामाला, क्षणभरही न चुकता. माझ्या मानेवरचे केस ताठ झाले; तरी खरे सांगायचे तर इतका चांगला श्रोता मला आयुष्यात मिळाला नव्हता. पडद्याकडून ओल्या शाईचा वास येऊ लागला, ताज्या मुद्रितांना येतो तसा.

“एके दिवशी म्हातारा दाराशी आला... तर सावलीने आतून कडी लावली होती.”

‘हूं...’

आणि दारावरची घंटा वाजली. मुलगी आली होती. गोष्ट तिथेच राहिली.

“बाबा, एक तरी गठ्ठा बांधलात का?”

“मला इथून हलवू नकोस, पोरी,” जुळारी शांतपणे म्हणाला. “मी इथे सुखात आहे.”

‘हूंऽऽ?’

मुलीने माझ्याकडे पाहिले. “काका... तुम्ही काही म्हणालात?”

मी मान हलवून नाही म्हटले. जुळारीने पडद्याकडे पाहिले. छापून गेलेल्या पानात चूक सापडावी तसा त्याचा चेहरा झाला होता.

“बरं,” तो अखेर म्हणाला. “येतो तुझ्याकडे. इथे मला मुळीच करमत नाही. तुझ्या आईने धरलं मला.” आणि मग, हार पूर्ण मान्य करायची नाही म्हणून, “पण टीव्हीचा आवाज लहान ठेवायचा.”

रविवारी टेंपो गेला. मंगळवारी दुपारी जुळारीचा फोन आला.

“इथे नाही आली रे ती. दोन दिवस चारला बसतोय, सगळं सांगतोय. नुसता पंखा फिरतो. जुन्या घरी कालच जाऊन आलो. तिथेही नाही. मी चुकलो का रे?”

“नाही,” मी म्हणालो. “तू योग्यच केलंस.”

‘हूं.’

हा आवाज आमच्या स्वयंपाकघरातून आला. प्रथम मला वाटले, पत्नी. तिचा हुंकार प्रसिद्धच आहे. कानात यंत्र बसवल्यापासून मी बोलायला लागलो की ती ते काढून डबीत ठेवते आणि ठराविक अंतराने हूं म्हणत राहते. त्या तालावर मी दोन ग्रंथ लिहिले आहेत. पण ती माझ्यासमोर मिटल्या तोंडाने शेंगा सोलत होती.

“ताबडतोब इकडे निघून ये,” मी फोनमध्ये म्हणालो.

तो आला तो दोन पायांत दोन वेगवेगळ्या चपला घालून. मी त्याला ती तळटीप वाचून दाखवली. गोष्ट मी अर्धी सोडली होती. वहिनी माझ्या मागे आल्या होत्या.

“म्हणजे तू ती पुरी केलीस, की ती जाणार?” जुळारीने विचारले.

“समजूत तरी तशी आहे.”

“मग पुरी करू नकोस! लांबव. एवढ्यातेवढ्याची सातशे पानं तूच करत आलास ना?”

त्याला आता पाच महिने झाले. म्हातारा अजून दाराबाहेर उभा आहे. मध्यंतरी त्याला एक न्हावी भेटला, एक आंधळा पोस्टमन भेटला, आणि शेजारणीशी त्याचे भांडण होऊन मिटलेही. मुलगी रोज चाराच्या आधी जुळारीला आमच्याकडे सोडून जाते. आमच्या स्वयंपाकघराच्या पडद्यासमोर बसून मी गोष्ट सांगतो, आतून हूं येतो, आणि शेवटी जुळारी आपला दिवस सांगतो. तो आता तिन्ही गोळ्या घेतो, कारण चौकशी होते. मुलगी म्हणते, “बाबा माणसांत आले.” सगळे ऐकल्यावर माझी पत्नी एवढेच म्हणाली, “अहो, मग चहा चार कप करायला हवा. पाहुणीला असं बसवून ठेवतात का?” चौथ्या कपातला चहा कमी होतो की नाही, हे मी पाहिलेले नाही. संशोधकाने काही गोष्टी मोजू नयेत. आम्ही चौघे मजेत होतो. कालपर्यंत.

काल मला पुढचे सुचेना. शेजारीण संपली, पोस्टमन संपला. मी विचार करीत डोळे मिटून बसलो. खोलीत कुणी बोलत नव्हते.

‘हूं,’ आतून आले.

मी डोळे उघडले. दोन वाक्यांना लागावा तेवढा वेळ गेला.

‘हूं.’

जुळारी माझ्याकडे झुकला. “तू... बोललास?”

“नाही.”

“मग ती कुणाचं...”

‘हूं.’

मी अंतरे मोजली. वाक्ये लांब होती, सांगणाऱ्याला घाई नव्हती. एकदाही हूं वर चढला नाही. जे सांगितले जात होते त्यात चूक नव्हती. उन्हाची पट्टी पडद्याच्या कडेवरून सरकून गेली तरी ते चालूच होते.

मग माझ्या पत्नीने कपातून तोंड वर केले. तिच्या यंत्राची डबी टेबलावर माझ्या हाताशी होती, बंद. तिने पडद्याकडे कान दिला, चेहरा रंगला, आणि बावन्न वर्षांत माझ्या एकाही गोष्टीला दिला नव्हता इतका मनापासून, नेमक्या जागी, तिने हुंकार दिला.

“हूं.”

“अगं,” मी तिचा हात धरला, “कोण आहे आत?”

तिला माझे ऐकू आले नाही. थोड्या वेळाने तिने सुस्कारा सोडला, गोष्ट ऐन रंगात थांबली की आपण सोडतो तसा.

“राहिलेली उद्या सांगतो म्हणाला,” ती म्हणाली, आणि उठून फडताळातून पाचवा कप काढून धुवायला घेऊन गेली.