दुसरी टोपी

वाशीमहून येणारी अकोल्याची बस दुपारी मेडशीच्या स्टँडवर लागते तेव्हा तिथं निम्मं गाव असतं, आणि निम्म्या गावासमोर थाप मारायला मिळाली की जिजाबाईचा सण व्हायचा. लेकीच्या लग्नात जावयाचे बूट लपवून परत देताना दोन्ही डाव्या पायाचे देणारी बाई ती हीच. सोमलाचं चुकलेलं बोकड तिनं शिंगं रंगवून सोमलालाच विकलं होतं. पन्नाशी उलटली, तरी खोड काही गेली नाही.

त्या दिवशी ती दवाखान्यातून लेकीला घेऊन उतरली. लेक सुचिता पहिलटकरीण, मागून पाय ओढत येत होती. जिजाबाईच्या दोन्ही हातांत एकेक गाठोडं. एकात नातू, तीन आठवडे आधीच आलेला, दोन किलो शंभर ग्रॅमचा. दुसऱ्यात टॉवेलात गुंडाळलेली धुतलेली लंगोटं. दोन्ही गाठोडी दिसायला सारखीच.

"काय झालं वो सुचिताले?" कुणीतरी विचारलं.

आता दोन्ही हातांत अशी गाठोडी असल्यावर त्या बाईचा तरी काय इलाज?

"दोन झाले," ती म्हणाली. "हा थोरला, रोडका. अन् हा धाकटा, गोलू. लय खादाड हाये. भावाच्या वाट्याचं बी तोच पिते."

बायांनी तोंडाला पदर लावला. एकीनं लंगोटांवरून हात ओवाळून कडाकडा बोटं मोडली. सुचिताला इतका थकवा आला होता की तिनं नुसती मान हलवली. संध्याकाळपर्यंत घरात दोन झबली आली, दोन टोपडी आली. जिजाबाईनं लंगोटांचं गाठोडं आढ्याला बांधलेल्या लुगड्याच्या झोळीत ठेवलं. बाया वाकून पाहायला लागल्या की ही ओठावर बोट ठेवायची, झोपलाय, उठवू नका. मग स्वयंपाकघरात जाऊन पदर तोंडात कोंबून हसायची. चार दिवसांनी खरं सांगू, असं तिनं ठरवलं होतं.

चार दिवसांनी हसायची सोय राहिली नाही. लेकरू दूध ओढेना.

सुचिताची बोंडं आत दबलेली, लेकराचं तोंड एवढंसं. लावलं की घसरायचं, घसरलं की रडायचं, रडून दमलं की झोपून जायचं. दूध नव्हतं असं नाही. पान्हा फुटून ब्लाऊज भिजायचा, छाती दगडासारखी व्हायची, आणि मांडीवरचं पोर उपाशीच. पिळून वाटी-चमच्यानं पाजावं तर निम्मं ओठाच्या कडेनं मानेत उतरायचं. गावची आशा सेविका अंजू आली. तिनं चौकटीला काटा अडकवून त्याच्या झोळीत लेकरू ठेवलं. एक किलो नऊशे साठ.

दवाखान्यात फोन केला. सोमवारी आणा, म्हणाले. अठराशेच्या खाली उतरलं तर अकोल्याला नेऊन काचेच्या पेटीत ठेवावं लागेल, सांगता येत नाही. तोवर बोंडावर बसवायची शील्ड लावून पाहा.

हिरालाल, म्हणजे जावई, मालेगावच्या मेडिकलमधून शील्ड घेऊन आला. प्लॅस्टिकच्या डबीत रबरासारख्या पातळ, पारदर्शक दोन टोप्या. अंजूनं दाखवलं तसं जिजाबाईनं त्या उकळून घेतल्या, एकीची कड ओली करून सुचिताच्या उजव्या बाजूला बसवली, टोकात दुधाचे चार थेंब पिळले. लेकराच्या ओठाला टोक लागलं आणि त्यानं गपकन तोंडात घेतलं.

"हे त लेकराले उल्लू बनवनं झालं," जिजाबाई खुशीत म्हणाली.

लेकरू घटाघटा पिऊ लागलं. पारदर्शक टोकात दूध भरताना दिसायचं, गळ्यातून आवाज यायचा. सुचिता रडली. दुसरी टोपी कोरडी करून डबीत ठेवली. एकच बाजू लेकरू घेत होतं, एकीचंच काम होतं.

दोन दिवसांनी वजन भरलं एक किलो नऊशे दहा.

जिजाबाईनं काटा पुन्हा पाहिला. लेकरू दिवसातून दहा वेळा पीत होतं, तिनं आपल्या डोळ्यांनी पाहिलं होतं. तरी मांड्यांची कातडी सैल पडत चालली होती, रडणं बारीक होत होत मांजराच्या पिल्लासारखं झालं होतं.

त्याच दुपारी सुचितानं तिला जवळ बोलावलं.

"माय, मी उजवीकडूनच पाजतो. मंग डावी बाजू रिकामी कशी होते?"

"गळत असंन."

"ब्लाऊज कोरडा हाये."

जिजाबाई टोप्या धुवायला उठली. डबी उघडली. न वापरलेल्या टोपीच्या टोकात दूध होतं. ताजं, कोमट. तिनं बोट लावून पाहिलं आणि बोट पदराला पुसलं. सुचितानंच लावली असेल, झोपेत लक्षात राहिलं नसेल. असं तिनं स्वतःला सांगितलं. थापा मारण्यात ती तरबेज होती, पण ही थाप तिला स्वतःलाच पटेना.

शनिवारी अंजू आली. लेकराचं वजन केलं.

"थोरला एक किलो आठशे चाळीस. उतरलाच मावशी. गोलूचं मात्र चांगलं हाये. सव्वातीन."

जिजाबाईला आधी हसू आलं. म्हटलं, वा गं अंजे, माझी विद्या माझ्यावरच? पण अंजू हसत नव्हती. ती काटा पिशवीत भरत होती.

"त्याचं सकाळी तुमी नळावर गेलत्या तवाच केलं. सुचिता झोपेल होती. तो झोळीत होता, टॉवेलासगट तोलला. त्याले उठवलं नाही."

ती गेल्यावर जिजाबाईनं झोळीकडे पाहिलं. लेकरू सुचिताच्या मांडीवर होतं. झोळीत फक्त ते गाठोडं. तरी लुगडं तळाशी ताणलेलं होतं, आणि दोरी आढ्याला घासून हळू कुरकुरत होती. खोलीत वारा नव्हता.

तिनं गाठोडं सोडलं. लंगोटंच होती. नऊ. एकाचीही घडी मोडलेली नव्हती. पण सगळ्यात मधल्या घडीत ऊब होती, आणि दुधाचा आंबूस वास.

तिनं सगळी लंगोटं अंगणातल्या दोरीवर उन्हात टाकली. टॉवेल गोठ्यात भिरकावला. परत आत आली तर रिकामी झोळी तशीच ताणलेली.

मग ती गावात निघाली. घरोघरी जाऊन तिनं सांगितलं की एकच झाला, दुसरा नाही, मी खोटं बोलले. आयुष्यात पहिल्यांदा ती खरं सांगत होती आणि बाया पोट धरून हसत होत्या. आमी नाही का डोयानं पाह्यला, म्हणाल्या. सोमलाची बायको म्हणाली, आता पोट्ट्याले बी शिंगं रंगवून इकता का? जिजाबाईनं तिचे पाय धरले. ती आणखीच हसली.

रविवारी सकाळपासून लेकरानं डोळे उघडले नाहीत. टोपी तोंडात दिली की दोन घोट घ्यायचं आणि थांबायचं. सुचिता भिंतीला टेकून डावी बाजू दोन्ही हातांनी झाकून बसली होती.

जिजाबाईनं विचार केला. खरं सांगून झालं होतं. आता आपलं जे येतं तेच करायचं. लेकराला फसवायला टोपी चालते, तर त्यालाही चालेल.

दुपारी तीन वाजले. मागच्या वावरात थ्रेशर चालू होतं, सोयाबीनची धूळ दारातून आत येत होती. तिनं दोरीवरची लंगोटं काढली, गोठ्यातला टॉवेल झटकला, पहिल्यासारखं गाठोडं बांधलं. डबीतली दुसरी टोपी घेतली. कड ओली केली.

"सुचे, तू पोराले लाव. मी हाक मारल्याबिगर दार उघडू नको."

मागच्या खोलीत पोती रचलेली होती. ती पोत्यांना टेकून बसली. दार लोटलं. पंचवीस वर्षांपूर्वी आटलेल्या छातीवर टोपी बसवली आणि गाठोडं मांडीवर आडवं घेतलं.

"ये रे गोलू," ती म्हणाली. "तिथं काही नाही. सगळं अथीच हाये."

थ्रेशर घरघरत होतं.

गाठोडं हलकं होतं. नऊ लंगोटांइतकं.

मग थ्रेशर बंद पडलं.

बाहेरच्या खोलीतली दोरी एकदा कुरकुरली आणि थांबली.

मांडीवरचं गाठोडं जड झालं.

टोपीचं टोक आत दबलं. सुटलं. पुन्हा दबलं.

तिनं डोळे मिटले. ओढ थेट पाठीच्या कण्यापर्यंत पोचत होती.

भिंतीपलीकडून घोटांचा आवाज आला. एक, दुसरा, तिसरा. थांबला नाही. सुचिता कुणालातरी हळू म्हणत होती, पी राजा, पी.

जिजाबाई उठली नाही.

सोमवारी काटा एक किलो आठशे नव्वद दाखवत होता. अकोल्याला जावं लागलं नाही. पंधरा दिवसांत दोन किलो तीनशे. महिन्याभरात लेकरू टोपीशिवाय ओढायला लागलं. बारशात एकच लेकरू पाहून बायांना थाप कळली; त्याचं गजेंद्र नाव ठेवलं आणि तो नावाला जागला, मनगटाला वळ्या पडल्या. जिजाबाई मात्र वाळत गेली. थापा बंद झाल्या. रोज तीन वाजता ती मागच्या खोलीत जाऊन दार लोटायची. पोती झाडते, म्हणायची.

तिसरा महिना भरला. हिरालाल कामरगावहून जीप घेऊन बायको-लेकराला न्यायला आला. सामान भरताना सुचितानं डबी उघडून विचारलं, एकच कशी, दुसरी कुठं गेली? जिजाबाई म्हणाली, हरवली.

स्टँडपर्यंत ती पोचवायला गेली. खांद्याशी टॉवेलाचं गाठोडं धरलेलं होतं. जीप निघाली आणि बाया चिडवायला जमल्या.

"काहून वो, एकच धाडला? गोलू?"

"तो माह्यापाशी राह्यते," जिजाबाई म्हणाली.

सगळ्या हसल्या. म्हातारी सुधरत नाही, म्हणाल्या. अंजू तेवढी हसली नाही. ती जवळ आली, टॉवेलाची कड जराशी बाजूला केली, पुन्हा नीट झाकली.

"दात आले का मावशी त्याले?"

जिजाबाईनं पदर छातीवर ओढून घेतला.

"खालचे दोन," ती म्हणाली.