धरलेली खुर्ची

ए प्रणय, तो रुमाल उचल आधी त्या खुर्चीवरून. दोस्तासाठी जागा धरतोस व्हय? येऊ दे त्याला, मग बसंल. मोनिका, दात काढू नको. लाईट गेलीये, तुमचा अभ्यास काय व्हत नाय आता, तर ऐका. गुलमंडीत कापडाचं दुकान हाय ना माझ्या दोस्ताचं, फारूखभाईचं? त्याच्या पोरीवर, उजमावर बेतलेली गोष्ट हाय. हितं माझ्यासमोर बसून सांगितली तिनं. सांगता सांगता चहा पार गार झाला, घोट घेतला नाय पोरीनं.

अमावस्या-बिमावस्या काय नव्हती. डिसेंबरातला साधा गुरुवार, अकरा तारीख, संध्याकाळचे सात वाजलेले. उजमा पीएचडी करत होती, निजामाच्या काळातल्या पोरींच्या शाळांवर. दुसऱ्या दिवशी प्रबंध जमा करायची शेवटची मुदत. चुकली तर रजिस्ट्रेशन रद्द, सहा वर्षं पाण्यात. अन् गाईडनं ऐनवेळी पाचर मारलेली, की एका शाळेच्या मासिकाचे मूळ अंक पाहिल्याबिगर शेवटच्या प्रकरणावर सही नाय.

त्या अंकांपायी पोरगी हैदराबादपर्यंत फिरून आली होती. सापडले कुठं? आपल्याच विद्यापीठाच्या ग्रंथालयात! तिथं जुन्या अंकांचं प्रदर्शन भरणार होतं. त्याचं पोस्टर जिन्यात लागलेलं, अन् त्यावर त्या मासिकाचं नाव. लई खूश झाली बिचारी.

सोमनाथ नावाच्या शिपायानं अंकांचा बांधलेला गठ्ठा काढून दिला. म्हणला, "मॅडम, हे बाहेर नेता येत नाय. वरच्या जुन्या खोलीत बसून फोटो काढा."

वर गेली. खोलीत कुणी नाय. एकाच टेबलावर दिवा, खिडकीपाशी. अन् तिथल्या खुर्चीवर पांढरा रुमाल, घडी घातलेला.

"ती सोडून बसा," सोमनाथ म्हणला. "धरलेली हाय."

"कुणी धरली?"

"ते माहीत नाय. मी लागलो नोकरीला तवापासून हाय. आम्ही धूळ पुसतो अन् रुमाल परत ठेवतो."

आता तुम्हीच सांगा, डोक्यावर मुदत असल्यावर कोण ऐकतंय? "भैया, अर्ध्या घंट्याचं काम हाय माझं," म्हणली, रुमाल उचलून खिडकीत ठेवला अन् बसली.

आठ-दहा पानं झाली असतील. लाईट गेली.

सोमनाथ टॉर्च आणायला खाली गेला. ही बसली अंधारात. मोबाइलचा फ्लॅश होता म्हणा. पण गठ्ठा जुना, बांधणी कडक, पान धरलं की मोबाइल हलायचा, मोबाइल धरला की पान मिटायचं. तेवढ्यात शेजारी पावलं वाजली.

"आलात का सोमनाथभैया? जरा पान दाबून धरता?"

उत्तर आलं नाय. पण पान दाबलं गेलं. फ्लॅश पडला तसा कोपऱ्यावर अंगठा दिसला तिला. तिनं दोन्ही हातांनी मोबाइल धरला. फोटो काढला, की पान उलटायचं. फोटो काढला, की उलटायचं. पोरगी बोलकी, तिचं चालूच. "उद्या नाय दिलं ना भैया, तर सगळं गेलं बघा. अब्बूंना काय तोंड दाखवू?"



अन् मग... खालून, पार जिन्याच्या तळातून हाक आली.

"उजमा मॅडम! घाबरू नका! टॉर्च सापडंना, आलोच मी!"

सोमनाथचा आवाज.

उजमाचा हात तिथंच राहिला. समोर काळोख. पान मात्र दाबलेलं.

पळावं? एक पान राहिलं होतं. एकच. पण गाईडला पाहिजे होतं तेच.

मला सांगताना रडली पोरगी. म्हणली, "काका, भीती लई वाटली. पण सहा साल... कसं सोडू?"

तिनं हळूच म्हणलं, "बस... एकच राहिलं..."



बऱ्याच वेळानं... पान उलटलं.

तिनं डोळे घट्ट मिटले. बटण दाबलं. अन् पळाली.

जिन्यात सोमनाथला धडकली. दोघं टॉर्च घेऊन वर आले. गठ्ठा मिटून टेबलाच्या मधोमध ठेवलेला. खुर्चीवर रुमाल, घडी घातलेला.

प्रबंध वेळेत गेला. आज ती डॉक्टर उजमा हाय, फारूखभाईनं पेढे वाटले ते तुम्हीच खाल्ले. पण फोटो जसेच्या तसे जोडावे लागले. अंगठा ओळींवरच होता, कापला तर मजकूर जात होता. म्हाताऱ्या माणसाचा अंगठा, नखात शाई.

प्रबंध त्याच ग्रंथालयात हाय, मागितला की दाखवतात. जा, बघून या. लाईट गेल्यानंतरच्या सगळ्या फोटोंत एक अंगठा, उजव्या कोपऱ्यावर. अन् शेवटचा फोटो, जो तिनं डोळे मिटून काढला... त्यात दोन हायेत. एक उजवीकडून, एक डावीकडून, खुर्चीत बसून वाचणारा धरतो तसे.

अन् खुर्चीत तर उजमा बसलेली होती.