पारखीनं काय पाहिलं?

फळ्यावर सलग तिसऱ्या दिवशी शून्य आलं होतं.

कोल्हापूरच्या उद्योगवसाहतीतल्या त्या फौंड्रीच्या (लोखंड वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारखान्याच्या) दारातच एक मोठा फळा होता. शंभर जॉबमागे किती नापास झाले, ते त्यावर रोज लिहिलं जाई. जॉब म्हणजे ओतून तयार झालेला एकेक भाग. कधी नऊ नापास, कधी बारा. साच्याची वाळू जरा ओलसर राहिली तर वीससुद्धा. इतक्या वर्षांत त्या फळ्यानं शून्य कधी पाहिलं नव्हतं. आणि आता मंगळवारी शून्य, बुधवारी शून्य, आज गुरुवारी दुपारी दोनलाही शून्यच.

कारखान्याचे व्यवस्थापक निंबाळकर साहेब सकाळी सगळ्यांना पेढे वाटून गेले होते. पंधरा वर्षांच्या रेणुका चौगुलेनं आपला पेढा अजून खाल्ला नव्हता. तो तिला पुरवून खायचा होता, कारण ते शून्य तिचं होतं. तिचं आणि तिच्या वर्गातल्या जुनैद मुल्लाणीचं.

त्या काळात दहावीच्या प्रत्येक मुलाला सहा आठवडे एखाद्या कारखान्यात उमेदवारी (काम करत करत शिकणं) करावी लागे. कुणी सूतगिरणीत जाई, कुणी दूधसंघात. रेणुका आणि जुनैद फौंड्रीत आले आणि त्यांनी पारखीसाठी प्रोग्रॅम लिहिला. पारखी म्हणजे दोन कॅमेऱ्यांचे डोळे आणि एक लांब हात असलेला यंत्रमानव. सरकत्या पट्ट्यावरून जॉब आला की तो निरखून बघे, "उत्तम!" किंवा "नापास!" म्हणे आणि उचलून योग्य त्या बाजूला ठेवी.

पारखीच्या शेजारी स्टुलावर शेवंताक्का बसल्या होत्या. अडतीस वर्षं त्यांनी हे काम नुसत्या हातोडीनं केलं होतं. आज त्यांची शेवटची पाळी होती. पेढा त्यांनी पदराच्या टोकाला बांधून ठेवला होता.

"अक्का, खावा की पेढा," जुनैद म्हणाला. "का हातोडी रुसलीय तुमची?"

"शून्याचा पेढा गिळंना झालाय बघ," अक्का म्हणाल्या. "आरं, मी आले तवा कोळशाची भट्टी होती. घरी गेलं की आई आधी माझं तोंड धुवायची, मग ओळखायची. ती भट्टी गेली, विजेची आली. वाळू बदलली, साचे बदलले. पर रोज चार-दोन जॉब बिघडायचेच. लोखंड हाय ते. तीन दिवसांत एकबी न्हाई? मग भट्टी शहाणी झाली, का बघणारा आंधळा झाला?"

"उत्तम!" पारखी म्हणाला आणि आणखी एक जॉब पासच्या मांडणीवर ठेवला.

जुनैद हसला. रेणुकाला मात्र हसू आलं नाही. अक्कांचा प्रश्न तिच्या मनात रुतून बसला. कारण कालचे बारा जॉब साधे नव्हते. त्या होत्या रोपवेच्या पकडी. गगनपठारावरच्या वाडीपासून खालच्या गावापर्यंत नवा रोपवे बांधला होता. दरीवरून जाणाऱ्या तारेला प्रत्येक पाळणा दोन पकडींनी धरून राहायचा. पारखीनं त्या बाराही पकडींना "उत्तम!" म्हटलं होतं, आणि रात्रीत त्या पाळण्यांना बसवल्याही गेल्या होत्या. आज तीन वाजता पहिली फेरी होती. निंबाळकर साहेब तिकडेच होते. आणि पहिल्या पाळण्यात बसणार होती जुनैदची नानी. गुडघ्यांमुळे चार वर्षांत ती पठारावरून खाली उतरली नव्हती.

"त्याला शिकवलासा कसं, ते तरी सांगा मला," अक्का म्हणाल्या. "आज जाणारच हाय मी. कळू दे."

"सोपं आहे, अक्का," रेणुका सांगू लागली. "चांगला जॉब म्हणजे काय, ते आम्ही त्याला शब्दांत सांगितलंच नाही. नुसते फोटो दाखवले. तुम्ही पास केलेल्या जॉबचे हजार आणि नापास केलेल्यांचे हजार. हे चांगले, हे वाईट, एवढंच सांगितलं. दोन्हींत फरक काय, ते त्यानं स्वतः हुडकून काढायचं. त्या फोटोंना शिकवणी-संच म्हणतात (ज्या उदाहरणांवरून यंत्र शिकतं, ती उदाहरणं)."

"आणि परीक्षा?"

"घेतली की! तुमच्याच ढिगांतले दोनशे फोटो आधीच बाजूला काढून ठेवले होते. ते त्यानं कधीच पाहिले नव्हते. दोनशेपैकी दोनशे बरोबर!"

"आणि सोमवारी सकाळी त्यानं पट्ट्यावरचे सगळे जॉब नापास केले, ते पण सांग," जुनैदनं टोमणा मारला.

"ते आपण दुरुस्त केलं ना! अक्का, पट्ट्यावरचे जॉब कोरडे असतात आणि फोटोतले चकाकत होते. मग मीच सुचवलं, कॅमेऱ्याच्या आधी तेलाचा फवारा बसवूया. जॉब फोटोतल्यासारखे दिसू लागले आणि पारखी लगेच ताळ्यावर आला."

साहेबांनी त्या फवाऱ्यासाठी तिची पाठ थोपटली होती. तिला ते आठवलं.

ऐकता ऐकता अक्कांनी सवयीनं पट्ट्यावरचा एक जॉब उचलून हातोडीनं हलकेच ठोकला. टण्ण! देवळातल्या घंटेसारखा लांब आवाज घुमला. अक्कांनी पसंतीनं मान हलवली आणि कमरेची तेलकट चिंधी काढून जॉब पुसून मांडणीवर ठेवला.

"अक्का, तेल आहे की त्याला," रेणुका म्हणाली.

"हाताची खोड गं. पास झाला की पुसायचा. मांडणीवर गंज धरू ने म्हणून."

"आणि नापास झाला तर?"

"तो परत भट्टीत वितळायला जाणार. त्याला कोण तेल लावतंय?"

रेणुकाच्या हातातला पेढा खाली पडला.

ती धावत कोपऱ्यातल्या जुन्या नापास ढिगाकडे गेली. गेल्या आठवड्यात अक्कांनी बाजूला काढलेला एक जॉब तिनं उचलला. त्याच्या मानेवर केसासारखा बारीक तडा होता. तो कोरडाच तिनं पारखीपुढे धरला.

"नापास!"

मग तिनं अक्कांची चिंधी घेतली आणि तोच जॉब पुसला. तडा तिथंच होता. बदललं एवढंच, की आता तो चकाकत होता.

"उत्तम!" पारखी खणखणीत आवाजात म्हणाला.

जुनैदचं हसू मावळलं. मांडणीवरचा अक्कांनी आताच ठोकलेला, टण्ण वाजलेला जॉब त्यानं घेतला, रॉकेलच्या फडक्यानं खसाखसा कोरडा केला आणि पुढे धरला.

"नापास!"

"यानं तडा कधी पाहिलाच नाही," रेणुका पुटपुटली. "हा फक्त तेल बघतोय. आम्ही दाखवलेल्या प्रत्येक चांगल्या जॉबला तेल होतं, प्रत्येक वाईट जॉब कोरडा होता. फरक शोध म्हटलं, तर त्याला सगळ्यात सोपा सापडला तोच त्यानं धरला. आणि परीक्षेचे फोटो त्याच दोन ढिगांतले, म्हणून परीक्षेतही तोच फरक चालून गेला."

"मग आपण फवारा बसवला..." जुनैद म्हणाला.

"आणि सगळेच जॉब चांगले ठरवले. तीन दिवसांत इथं काहीच तपासलं गेलेलं नाही, जुनैद. काहीच."

भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजून छत्तीस मिनिटं झाली होती.

निंबाळकर साहेबांचा फोन नुसताच वाजत राहिला. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. जुनैदनं नानीला लावला. पलीकडे हलगीचा आणि लेझमाचा गदारोळ होता.

"नानी! ऐक, उतर खाली!"

"काय? ऐकू येईना बघ!" नानी ओरडत होती. "बसले रे मी! खिडकीजवळच बसले! हार घातलाय मला! तुझ्या पारखीनंच बघितलंय म्हणे ह्याला..." आणि फोन कटला.

तपासणीच्या जागी छताला एक लाल दोरी लटकत होती. रोपवे, लिफ्ट, रुग्णवाहिका अशा माणसं वाहणाऱ्या यंत्रांत जाणाऱ्या प्रत्येक भागाला कारखान्यात क्रमांक दिला जाई. लाल दोरी ओढून जे भाग सांगितले जातील, ते जिथं बसवलेले असतील, तिथलं यंत्र जागच्या जागी थांबे आणि कुणीतरी येऊन तपासेपर्यंत चालू होत नसे. नियम एकच होता. ओढणाऱ्यानं नाव आणि कारण मोठ्यानं सांगायचं, आणि ते तिकडच्या प्रत्येक पडद्यावर उमटायचं.

"उमेदवारीचं सर्टिफिकेट गेलंच समज," जुनैद म्हणाला. "आणि पकडी चांगल्या निघाल्या तर अख्खं गाव हसेल. पर कुणाला काय वाटंल ते वाटू दे. ओढ, रेणे!"

रेणुकाचा हात वर गेला आणि थांबला. तेवढ्यात अक्कांचा खरखरीत हात तिच्या हातावर आला.

"बाजूला सर तू. मी ओढते," अक्का म्हणाल्या. "माझी शेवटची पाळी. मला कोण काय म्हणणार? सांगते, म्हातारीला शंका आली म्हणून."

क्षणभर रेणुकाला वाटलं, ओढू दे. किती सोपं झालं असतं! पण मग तिच्या लक्षात आलं. अक्कांनी त्या बारा पकडींना हातही लावला नव्हता. नुसती शंका म्हटलं, तर तिकडचे लोक वरवर एक नजर टाकतील, चकाकणारी पकड बघतील आणि पाळणा सोडतील. पारखीनं केलं तेच! खरं कारण कळलं, तरच काय तपासायचं ते त्यांना कळणार होतं.

"नको, अक्का. कारण मला माहीत आहे, आणि ते माझंच आहे."

तिनं दोरी ओढली.

"रेणुका चौगुले, उमेदवार," ती मोठ्यानं म्हणाली. "माझ्या प्रोग्रॅमनं तडे तपासले नाहीत, फक्त तेलाची चकाकी बघितली. सोमवार दुपारनंतरचा एकही जॉब तपासलेला नाही. बाराही पकडी ठोकून बघा. चूक माझी आहे."

दोन वाजून एकावन्न मिनिटांनी, फेरी सुटायच्या आधी रिकामंच फिरत असलेलं गगनपठारावरचं तारेचं मोठं चाक थांबलं. हलगीही थांबली. मग निंबाळकर साहेबांचा फोन आला. ते आधी खूप रागावले. आणि मग एवढंच म्हणाले, "अक्कांना गाडीत बसवा. हातोडीसकट."

तासाभराची वाट होती. वर माणसांची गर्दी उभी होती. कुणी कुजबुजत होतं, कुणी रेणुकाकडे बोट दाखवत होतं. नानी हार घालून खुर्चीवर बसली होती आणि जुनैदला बघताच म्हणाली, "काय रे, उतरवलंस मला!"

अक्का शिडीवर चढल्या. टण्ण. दुसरी पकड, टण्ण. तिसरी, चौथी. प्रत्येक आवाजाबरोबर रेणुकाचा जीव एकीकडे हलका होई आणि दुसरीकडे चेहरा लाजेनं तापे. दहाव्या पकडीपर्यंत सगळ्या टण्ण वाजल्या. मागून कुणीतरी म्हणालंच, "पोरीनं उगंच..."

अकरावी पकड भद्द वाजली.

मातीच्या फुटक्या घागरीसारखा आवाज होता तो. सगळ्यांना ऐकू आला. अक्कांनी एका फडक्याला रॉकेल लावून पकडीवरचं तेल पुसलं, आणि तिच्या मानेवर केसाएवढी काळी रेघ उमटली. पहिल्या पाळण्याला धरणारी पकड नव्हती ती, सहाव्याची होती. पण सहाव्या पाळण्यातही माणसंच बसणार होती.

मग नानी काठी टेकत उठली, गळ्यातला हार काढला आणि रेणुकाच्या गळ्यात घातला. रेणुका तेव्हा कुठं रडली.

सर्टिफिकेट गेलं नाही. उलट निंबाळकर साहेबांनी दोघांची उमेदवारी तीन आठवड्यांनी वाढवली आणि अक्कांनाही तेवढे दिवस थांबायची गळ घातली. त्यातला पहिला आठवडा रेणुका आणि जुनैदनं प्रोग्रॅमची एक ओळही लिहिली नाही. ते अक्कांच्या शेजारी नुसते उभे राहिले. अक्का जॉब कुठं धरतात, उजेडाकडे कसा वळवतात, पास झाल्यावर काय करतात, नापास कुठं टाकतात, सगळं बघत राहिले. मग फोटो पुन्हा काढले. या वेळी चांगले आणि वाईट, दोन्ही जॉब निम्मे तेलकट आणि निम्मे कोरडे ठेवले, म्हणजे तेलावरून काहीच ओळखता येऊ नये. हातोडीचा आवाज ऐकायला पारखीला एक कानही बसवला. परीक्षेसाठी जॉब आणले ते दुसऱ्या भट्टीतले, दुसऱ्या पाळीचे, ज्यांची पास-नापासची उत्तरं फक्त अक्कांना माहीत होती.

आणि एक नवी गोष्ट त्याला शिकवली, जी आधी कुणीच शिकवली नव्हती.

शेवटच्या दिवशी फळ्यावर अकराचा आकडा होता. पट्ट्यावरून एक जॉब आला. पारखीनं तो इकडून बघितला, तिकडून बघितला, ठोकून ऐकला. बराच वेळ गेला.

"मला नक्की सांगता येत नाही," पारखी म्हणाला. "अक्कांना विचारा."

शेवंताक्कांनी पदराच्या टोकाची गाठ सोडली. नवा पेढा होता. त्यांनी तो अर्धा मोडला आणि रेणुकापुढे केला.

"घे," त्या म्हणाल्या. "आता लागला बघ हा कामाला."