सावळेरामची बत्ती

मंचरच्या बाजारात आमचं इलेक्ट्रिकचं दुकान. वडील, सोहनलाल, मारवाडातून इथं आले, आणि मी पीयूष इथलाच झालो. दोन हजार सात साली लिथियमच्या सेलची आमच्याकडं नवलाई होती. जुन्या लॅपटॉपच्या बॅटऱ्या फोडून मी त्यातले सेल काढायचो. चिनी सेलवर ठळक अक्षरांत चार हजार एमएएच, म्हणजे सेलात मावणाऱ्या विजेचं माप, छापलेलं असायचं. बल्ब जोडून बघितलं की तासाभरात मान टाकायचे. अस्सल सेलवर बावीसशेच लिहिलेलं असायचं, पण तेवढे तो इमानानं द्यायचा. हातात घेतला तरी वजनावरून अस्सल कळतो. छापलेल्या आकड्यावर विश्वास ठेवणाऱ्या गिऱ्हाइकाशी मी भांडायचोसुद्धा.

ज्ञानेश्वर डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या एका वाडीत राहायचा. भात आणि नाचणी पिकवायचा. वाडीचं पाणी एका भुयारातल्या झऱ्याचं. त्याचे वडील सावळेराम दर वर्षी आत शिरून गाळ काढायचे. दोन वर्षांपूर्वी शिरले ते बाहेर आलेच नाहीत. वाडीनं शोधलं, पोलिसांनी शोधलं. मिळाली ती नुसती गाळ भरायची पाटी. तेव्हापासून आई, अंबाबाई, दर सोमवारी आतल्या वळणावर उजेड ठेवायला लावायची. पाणी ठिबकून कंदील विझायचा, म्हणून ज्ञानेश्वरनं माझ्याकडून डोक्याला बांधायचा टॉर्च नेला होता.

एक दिवस तो तक्रार घेऊन आला.

"पीयूषभाऊ, सेल दगा देतोय. रातभर चालायचा म्हनला व्हता ना? सकाळी बंद घावतो."

मला राग आला. सेल माझा होता! बल्ब जोडला, तर निम्म्याहून जास्त शिल्लक. बटण मात्र बंद केलेलं होतं, आणि ते तसंच सापडलं, असं ज्ञानेश्वर म्हणत होता.

"बाबांची सवय व्हती," तो खाली बघत म्हणाला. "काम नसंल तर बत्ती जाळायची न्हाई. लई वरडायचे."

"ओल शिरते बटणात," मी म्हणालो. "मी येतो बघायला."

सोमवारी गेलो. माझ्या आईनं, कस्तुरबाईनं, बजावलं होतं, दिवस मावळायच्या आत जेवायला घरी ये, म्हणून दुपारीच पोचलो. तपासलेला सेल त्या दिवशी एकच होता. तो मी सावळेरामांसाठी ठेवायच्या टॉर्चमध्ये घातला. माझ्या टॉर्चला सकाळीच आलेल्या खोक्यातला, चार हजारवाला. अंबाबाई भुयाराच्या तोंडाशी बसली होती. कुंकू ठसठशीत. तिनं माझा हात धरला. "पावणं, उजेड टिकाया पायजे बरं का. आत ह्यांना काय दिसत नसंल."

मला भरून आलं. अशा गोष्टी मी मानत नाही, तरी आलं.

आत वाकून चालावं लागत होतं. वटवाघळांचा उग्र वास, गुडघ्यापर्यंत गार पाणी. वळणावरच्या खडकावर ज्ञानेश्वरनं टॉर्च पेटवून ठेवला.

"तू हो बाहेर," मी म्हणालो. "पाणी कुठून पडतं ते बघतो जरा."

त्याच्या हातातल्या कंदिलाचा उजेड तोंडाकडं दूर गेला. मी बसून बघत राहिलो. खडक कोरडा होता. टॉर्चवर एक थेंबही पडत नव्हता. मग माझा टॉर्च पिवळा झाला, लाल झाला आणि विझला. चार हजार म्हणे! मी मनातल्या मनात शिवी हासडली. समोर सावळेरामांचा टॉर्च जळत होता, म्हणून काळजी नव्हती.

टक्.

तो आवाज मी रोज शंभर वेळा ऐकतो. बटणाचा.

काळोखात मी खडक चाचपला. टॉर्च तिथं नव्हता.

"ज्ञानेश्वर?"

पाणी हललं. कुणीतरी माझं मनगट धरलं. हात गार, घट्टे पडलेला. त्यानं माझ्या तळहातावर टॉर्च ठेवला आणि माझी बोटं एकेक करून त्यावर मिटवली.

टक्. उजेड पडला. समोर कुणी नव्हतं.

मी बाहेर कसा आलो ते आठवत नाही. ज्ञानेश्वर आईजवळ बसून चहा पीत होता. त्याचे कपडे वाळायला आले होते.

"तू परत आत आलास ना?" मी विचारलं.

"न्हाई बा. का?"

अंबाबाई माझ्या हाताकडं बघत होती. ती जराही घाबरली नाही.

"त्यांनी दिला?"

मी मान डोलावली.

"मग आता त्यांच्याजवळ काय ऱ्हायलं?"

परत आत जायचं धाडस मला झालं नाही. ज्ञानेश्वरलाही नाही. तिनं टॉर्च माझ्या हातातून घेतला, पदरानं पुसला, भुयाराच्या तोंडाशी दगडावर पेटलेलाच ठेवला. आम्ही तिघं माघारी फिरलो. पायवाटेला लागतो न लागतो तोच मागून आवाज आला.

टक्.

ज्ञानेश्वरनं माझा दंड पकडला. आमच्यापैकी कुणी मागं बघितलं नाही.

"घेतला," अंबाबाई म्हणाली, आणि डोक्यावरचा पदर सारखा करून वाडीकडं चालू लागली.