न्यूझीलंडला उजवा कौल

"इटलीला नावं ठेवू नकोस गो! तिथं म्हातारी माणसं किती होती, ते आधी सांग!"

गोव्यातल्या साखळीच्या बसस्टँडवर मी फोनवर इतक्या जोरात ओरडले की भजीवाल्याचा झारा हवेतच थांबला. माझ्या विद्यार्थिनीला वादविवादात बोलायचं होतं, कोरोनात कुठला देश जास्त चांगला सावरला यावर. आणि ती बया नुसते आकडे पाठ करून मोकळी!

"न्यूझीलंडलाही डोक्यावर घेऊ नको म्हणावं, टीचर," मागून आवाज आला. "बेटाला दार लावणं सोपं असतं."

मी वळले. उंच, सावळा, दात काढून हसणारा... आगाऊ कुठला!

"तुम्हाला कोणी विचारलं?"

"कोणी नाही. पण अख्खा स्टँड ऐकतोय ना!"

तो निहार. पेडण्याचा, म्हापशाला हॉस्पिटलात नर्स. साथीच्या वेळी सावंतवाडीला कामाला होता. घरी यायला निघाला आणि गोव्याची हद्द बंद. "आई पेजेचा डबा घेऊन नाक्याच्या पलीकडे, मी अलीकडे. पोलीस म्हणतो, डबा जाईल, माणूस जाणार नाही." तो हसत सांगत होता. मला मात्र हसू येईना.

मी त्याला शाळेत मुलांशी बोलायला बोलावलं. मग तो न बोलावताच आमच्या गावी, सर्वणला येऊ लागला. त्याच्या मोटरसायकलवर मागे बसून, डोंगरातल्या काजूच्या बोंडूंचा आंबूस गोड वास घेत मी भांडायची. तैवानने मास्क वेळेत वाटले, स्वीडनने शाळा चालू ठेवल्या...

"तुला भांडायला देशच लागतात का गो, गौरवी?"

"मग काय, तुझ्याशी गोड बोलू?"

"बोलून तर बघ..."

आरशात त्याचे डोळे दिसले. मी पटकन शेताकडे बघू लागले.

आणि एक दिवस म्हणाला, "न्यूझीलंडहून नोकरी आलीय."

"अरे वा!" मी म्हटलं. घरी येऊन माशांच्या हुमणात दोनदा मीठ घातलं. जीव कशात लागेना. भेटला की त्या देशाची उणीदुणी सुरू! "स्वतःच्याच माणसांना परत घ्यायला सोडत काढत होते रे ते! पुन्हा साथ आली तर? तू आत, आम्ही बाहेर."

"आम्ही म्हणजे कोण?"

"म्हणजे... तुझी आई."

त्याने मोटरसायकलला किक मारली. मेला सरळ निघून गेला!

आमच्याकडे मोठं काही ठरवायचं तर देवाला प्रसाद लावतात. भटजी मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवतात. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. त्याच्या आईने, मालतीकाकींनी, पेडण्याच्या देवळात प्रसाद लावला आणि निहार म्हणाला, "तू पण ये." मी गेले. हात जोडले आणि मनात म्हटलं, डावी पाड रे बाबा, डावी!

उजवी पडली.

मालतीकाकींनी डोळे पुसले. "देवाचा होकार! जा रे पुता."

"देवाला विचारलंत," मी एकदम बोलून गेले, "मला विचारलं कोणी?"

भटजींची घंटा हातातच राहिली.

निहार माझ्याकडे वळला. कानाच्या पाळ्या लाल झालेल्या. "तुला विचारायचं धाडस होत नव्हतं म्हणून तर देवाकडे आलो."

"मग आता विचार."

"माझ्याबरोबर... येशील?"

"येईन की! तू तिथं आणि मी इथं, हे मला नाही जमायचं. आवडतोस तू मला, कळलं?"

मालतीकाकी आधी त्याच्याकडे, मग माझ्याकडे बघत राहिल्या. मग पदर सावरून भटजींना म्हणाल्या, "भटजी, बघता काय? लग्नासाठी आणखी एक प्रसाद लावा."

"नको!" आम्ही दोघं एकदमच ओरडलो.